तांडेल, पंचांग आणि वेधशाळा : पावसाचे भाकीत कोणाचे खरे?

मे महिना सरत आला की मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर एकच प्रश्न तीन दारांवर विचारला जातो. बंदरावर तांडेलाला, घरात पंचांगाला आणि बातम्यांच्या वेळी हवामान विभागाला : पाऊस कधी? प्रश्न कुतूहलाचा नव्हे. नौका आज वर ओढायची की आणखी एक फेरी मारायची, हा निर्णय त्यावर अवलंबून असतो. फेरी साधली तर आगोटीचा खर्च निघतो, सुकवायला मासळी मिळते. चुकली तर जाळी जातात, कधी नौका जाते, आणि कधी माणसे.

या तीन भाकितकारांची स्पर्धा किती जुनी आहे, त्यांपैकी कोण कुठे चुकले आणि मुळात त्यांची तुलना करावी कशी, याविषयी आजचा धागा. तो लांब आहे.

आरंभ फार मागून करता येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निरनिराळ्या प्रदेशांच्या पर्जन्यमानाचे आकडे ‘द्रोण’ या मापात दिले आहेत. अपरान्तापाशी, म्हणजे आपल्या कोकणापाशी, येताच ग्रंथकाराने आकडा देण्याचे टाळले आणि ‘अमित’ असे म्हटले. ज्या प्रदेशात आंबोलीसारखे सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारे गाव आहे, त्याविषयी हा शब्द चुकीचा म्हणता येत नाही. पुढे सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत पर्जन्याच्या ‘गर्भा’चा सिद्धान्त मांडला : मेघांचा गर्भ धरल्यापासून १९५ दिवसांनी वृष्टी होते. सिद्धान्त टिकला नाही. पण त्यामागील अपेक्षा लक्षात घ्यावी. पावसाची पूर्वचिन्हे सहा महिने आधी दिसू शकतात, ही कल्पना आजच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाचाही पाया आहे. फक्त चिन्हे बदलली.

लोकांपर्यंत जे पोहोचले ते नक्षत्र आणि वाहन. सूर्य मृगात, आर्द्रात, पुनर्वसूत प्रवेश करतो त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्री आहे हे पाहायचे, सूर्यनक्षत्रापासून तेथपर्यंत मोजायचे, नऊने भागायचे आणि उरलेल्या बाकीवरून वाहन ठरवायचे. बेडूक, म्हैस, हत्ती आले तर पाऊस भरपूर. कोकणी माणूस पुनर्वसूच्या पावसाला ‘तरणा’ आणि पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’ म्हणतो, त्या नात्यात जिव्हाळा आहे. भाकीत म्हणून मात्र या पद्धतीत एक मूलभूत अडचण आहे. गणित आकाशाचे असल्यामुळे उत्तर साऱ्या महाराष्ट्राला एकच मिळते. तीन हजार मिलिमीटर पावसाचे मालवण आणि दुष्काळी माण तालुका यांचे वाहन एकच. मालवणात जुलैमध्ये बेडूक येवो वा मेंढा, पाऊस पडणारच; त्यामुळे येथे पंचांग सहसा खोटे ठरत नाही. माणमध्ये तेच पंचांग वारंवार खोटे ठरते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे आणि ती कोकणातल्याच एका विद्वानाच्या कामाशी निगडित आहे. दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. ते सायन गणनेचे पुरस्कर्ते होते. आपली नक्षत्रे स्थिर ताऱ्यांना बांधलेली आहेत, ऋतू मात्र सूर्याच्या अयनाला बांधलेले आहेत, आणि या दोहोंत सुमारे ७१ वर्षांना एक दिवस याप्रमाणे अंतर पडत जाते. वराहमिहिरापासून आजपर्यंत ते वीस दिवसांच्या पलीकडे गेले आहे. म्हणजे ‘मिरगाचा पाऊस’ हे आज जे समीकरण आपल्याला सनातन वाटते, ते त्याच्या काळी या स्वरूपात असणेच शक्य नव्हते. सूर्य तेव्हा मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास मृगात येत असे. आज मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो आणि मोसमी पाऊस दक्षिण कोकणात जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, हा जमलेला योग आहे. तो असाच राहणार नाही. (जाता जाता : ‘कालनिर्णय’ १९७३ साली सुरू करून पंचांग घराघरांच्या भिंतीवर नेणारे जयंतराव साळगावकर मालवणचेच.)

आता तांडेल. त्याचे ज्ञान पंचांगाहून सर्वस्वी वेगळे. ते पाहण्याचे आहे, मोजण्याचे नाही. पहाटेचा मतलई वारा वाहायचा थांबला का, पाण्याचा रंग आणि ओढ बदलली का, उधाणाच्या भरतीला लाट किनाऱ्यावर कशी फुटते, ढग कोणत्या दिशेने चढतात. शेतकऱ्याची चिन्हेही याच जातीची : कावळ्याचे घरटे, काजवे, पावश्याची साद. यांतील काही चिन्हांना भौतिक आधार आहे. मोसमी वारे जवळ आले की जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा रात्रीचा वारा दबतो, आणि दूरच्या वादळाने उठवलेल्या लांब लाटा वादळाच्या आधी किनाऱ्यावर पोहोचतात. कावळ्याच्या घरट्याविषयी मी इतका खात्रीचा नाही. दर उन्हाळ्यात घरट्यांच्या उंचीची नोंद ठेवून ती पावसाशी ताडून पाहण्याची आपल्याकडे रीत नव्हती, एवढे खरे. खरी ठरलेली वर्षे आठवतात. उरलेली विस्मरणात जातात.

मराठा राज्याने या बाबतीत एक शहाणपणाची गोष्ट केली. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात आरमाराविषयी जे प्रकरण आहे, त्यात पावसाळ्यापूर्वी जहाजे छावणीस लावावीत, किल्ल्याच्या आश्रयाने लावावीत, आणि दरसाल त्याच बंदरी लावू नयेत, असे सांगितले आहे. दरसाल बंदर बदलण्याचे कारण पावसाशी संबंधित नाही. आरमाराचा भार एकाच मुलखावर पडू नये, हे त्यामागील धोरण. पण पावसाचा विचार पाहा. पाऊस नेमका कोणत्या दिवशी येईल हे सांगण्याच्या फंदात आज्ञापत्र पडत नाही. तो येण्याच्या आधी नौका वर असाव्यात, इतकेच. मी याला भाकीत म्हणणार नाही. हा विमा आहे. महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखालील पावसाळी बंदी याच विचाराची वंशज, जरी आज तिचे मुख्य कारण माशांचे प्रजनन हे सांगितले जाते. पूर्वी ती १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असे. पुढे पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै अशी ठरली. सरकारी नियमात नारळी पौर्णिमेला स्थान होते, हे विसरण्यासारखे नाही.

तिसरा स्पर्धक सर्वांत तरुण. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ ची. पण देशव्यापी हवामान विभाग १८७५ साली स्थापन झाला. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ ही त्यामागची कारणे. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या वाट्याला लगेचच १८७६-७८ चा महादुष्काळ आला. हिमालयात हिवाळ्यात व वसंतात बर्फ अधिक पडले तर पुढचा मोसमी पाऊस कमी, असा संबंध त्यांना दिसला, आणि ४ जून १८८६ रोजी पहिला नियमित मोसमी अंदाज प्रसिद्ध झाला.

त्यांचे उत्तराधिकारी जॉन इलियट यांनी अंदाज विस्तृत केले, भाषा आत्मविश्वासाची केली. मग १८९९ आले. अंदाज चांगल्या पावसाचा होता. प्रत्यक्षात आला तो छप्पन्नचा दुष्काळ. टीका इतकी झाली की विसाव्या शतकाच्या आरंभी काही वर्षे हा अंदाज जनतेला सांगणेच बंद करून तो सरकारपुरता गोपनीय ठेवण्यात आला. तज्ज्ञाने चुकल्यावर गप्प बसणे समजू शकते. पण ज्याच्या शेतावर पाऊस पडायचा तोच अंदाजापासून वंचित राहिला, हे या प्रकरणाचे खरे दुखणे.

१९०४ साली गिल्बर्ट वॉकर आले. केंब्रिजचे गणिती, हवामानशास्त्राचे शिक्षण नाही. हौशी आणि तज्ज्ञ ही विभागणी किती फसवी असते याचे वॉकर हे उत्तम उदाहरण, कारण या क्षेत्रात ते बाहेरूनच आले होते. त्यांनी कोणताही सिद्धान्त गृहीत धरला नाही. जगभरच्या वायुदाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे मागवले आणि भारतीय कारकुनांच्या चमूकडून त्यांचे परस्परसंबंध हाताने काढून घेतले. त्यातून पॅसिफिक आणि हिंदी महासागर यांच्यावरील वायुदाबाचा झोपाळा सापडला : एकीकडे दाब चढला की दुसरीकडे उतरतो. त्याला त्यांनी ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटले. एल निनोशी त्याचा धागा १९६९ साली याकोब ब्यर्कनेस यांनी जोडला. वॉकर शोधत होते भारताचा पाऊस. सापडली साऱ्या पृथ्वीच्या हवामानाची एक किल्ली. १९२८ साली विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरचे ‘शिमला ऑफिस’ हे नाव, ज्याचा अर्थ आज तेथून रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, ते त्या स्थलांतराची खूण आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ : गुण कसे द्यायचे?

१९८८ साली वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे प्रारूप वापरात आले. त्यानंतर २००१ पर्यंत चौदा वर्षे देशावर दुष्काळी मोसम आला नाही आणि अंदाजांची प्रतिष्ठा वाढली. परंतु बहुतेक वर्षी अंदाज ‘सर्वसाधारण’ असाच होता. समजा, आचऱ्याच्या एखाद्या आजोबांनी त्या चौदाही वर्षी डोळे मिटून ‘अवंदा पाऊस बरो’ एवढेच म्हटले असते, तर त्यांचाही निकाल जवळपास तितकाच देखणा लागला असता. खरी परीक्षा २००२ मध्ये झाली. अंदाज सरासरीच्या १०१ टक्क्यांचा, प्रत्यक्षात ८१. जुलै तर जवळजवळ कोरडा गेला. प्रारूप बदलले. २००४ मध्ये पुन्हा १०० सांगितले, पडला ८६-८७. २००९ मध्ये एप्रिलचा अंदाज ९६, जूनमध्ये तो ९३ केला, आणि पाऊस ७८ च्या आसपास.

हवामानशास्त्रात भाकिताची गुणवत्ता ‘किती वेळा खरे ठरले’ अशी मोजत नाहीत. काहीच न कळणाऱ्या माणसाने केवळ सरासरी सांगितली असती तर त्याच्याहून किती बरे, असे मोजतात. ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली शक्यतेच्या भाषेतील अंदाजांना गुण देण्याचे सूत्र मांडले. त्याचा गाभा असा की ठामपणे चुकणाऱ्याला जबर दंड, आणि साशंकपणे चुकणाऱ्याला सौम्य. इलियट यांना १८९९ मध्ये हे सूत्र लावले असते तर त्यांचे गुण फारच खाली गेले असते. पंचांगाला ते लावताच येत नाही, कारण बेडूक म्हणजे किती टक्के, हे कोणी लिहून दिलेले नाही.

याच प्रश्नाचे एक दूरचे पण चपखल उदाहरण. अमेरिकेत दर मार्चमध्ये महाविद्यालयीन बास्केटबॉलची मोठी स्पर्धा होते. तीत ६८ संघ येतात, आणि निवड समितीने यादी जाहीर करण्यापूर्वी ती ओळखण्याची जणू दुसरी स्पर्धाच चालते. पगारी तज्ज्ञ आणि घरबसले शौकीन दोघेही याद्या करतात, आणि शौकिनांच्या याद्या तज्ज्ञांच्या इतक्याच चांगल्या निघालेल्या पाहून लोक चकित होतात. पण जवळपास निम्मे संघ आपापल्या गटाचे विजेते म्हणून आपोआप आत येतात, उरलेल्यांतील बहुतेक साऱ्या जगाला ठाऊक असतात. झगडा शेवटच्या चार-सहा जागांचा. ‘साठांहून अधिक बरोबर’ हे वाक्य म्हणूनच ऐकायला भारदस्त आणि अर्थाने पोकळ. जुलैत मालवणला पाऊस पडेल, हे त्या जातीचे भाकीत.

शौकिनांच्या बाजूने बोलणारा पुरावाही जुना आहे. १९०६ साली इंग्लंडमधील प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एका बैलाचे कापल्यानंतरचे वजन ओळखण्याची पैज लागली होती. फ्रान्सिस गॉल्टन यांनी ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. मधला अंदाज १,२०७ पौंड निघाला. खरे वजन १,१९८. एक टक्क्याच्या आतला फरक. परंतु तेथे प्रत्येकाने पैसे भरून, स्वतंत्रपणे, शेजाऱ्याला न विचारता चिठ्ठी टाकली होती. बंदरावर तसे होत नाही. सर्वांत अनुभवी तांडेल काय म्हणतो त्याकडे सारे पाहतात, आणि त्याने नौका सोडली की बाकीच्याही सुटतात. तेथे शंभर मते नसतात. एकच मत शंभर तोंडांनी बोलत असते. समाजमाध्यमांवरील लोकप्रिय भाकितांचेही हेच आहे. परभणी जिल्ह्यातील पंजाबराव डख यांचे अंदाज लाखो शेतकरी ऐकतात. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळच्या अक्षय्य तृतीयेच्या घटमांडणीकडे दरवर्षी वृत्तपत्रांचे लक्ष असते. दुसरीकडे २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातील काही शेतकऱ्यांनी चुकीच्या अंदाजाबद्दल हवामान विभागाविरुद्धच पोलिसांत तक्रार दिली. घटमांडणीविरुद्ध अशी तक्रार झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आपण तज्ज्ञाकडून हिशेब मागतो आणि परंपरेकडून दिलासा. दोघांना एकाच तराजूत तोलायची आपली तयारी नसते.

किनाऱ्यावर मात्र हा तराजू समुद्रच धरतो, आणि तो नोव्हेंबरात धरतो. मच्छीमाराच्या परंपरागत कालगणनेत नारळी पौर्णिमेनंतर दर्या शांत होतो. बहुतेक वर्षी होतोच. पण अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम आहेत, एक पावसाच्या तोंडावर आणि दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि या दुसऱ्या हंगामाला लोकपरंपरेत ठळक स्थान नाही. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी ‘वैतरणा’, लोकांच्या तोंडची ‘विजळी’, कच्छच्या मांडवीहून मुंबईकडे येताना सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. आणि ११ नोव्हेंबर २००९ रोजी, नेमक्या त्याच तारखेला, ‘फयान’ कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकत अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान जमिनीवर आले.

फयानची कमी दाबाची प्रणाली दोन दिवस आधी ओळखली गेली होती. इशारे निघाले, बंदरांवर बावटे लागले. तरीही कोकणातले अनेक खलाशी परतले नाहीत. शिडाच्या होडीच्या काळात तांडेल सकाळी जाऊन संध्याकाळी येत असे. त्याचे आभाळ आणि गावाचे आभाळ एकच होते. यांत्रिक नौका खोल समुद्रात अनेक दिवस राहू लागल्या, तेव्हा किनाऱ्यावरचा बावटा त्यांना दिसेना, आणि समुद्रातली चिन्हे दिसेपर्यंत परतायला वेळ उरेना. तांडेलाचे ज्ञान खोटे ठरले नव्हते. ते काही तासांचे ज्ञान होते, आणि त्याला आता दोन दिवसांचे हवे होते. तज्ज्ञाकडे दोन दिवसांचे होते, पण ते किनाऱ्यावर होते. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’चा इशाराही दिवसांनुदिवस आधी मिळालेला होता, तरी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा तराफा थांबून राहिला आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. तेथे तर निरक्षरतेचे किंवा संपर्काच्या अभावाचे कारणही सांगता येत नाही.

आज तांडेलाच्या हातातल्या मोबाइलवर वाऱ्याचे रंगीत नकाशे असतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था लाटांच्या उंचीचे अंदाज देते. नकाशातल्या बाणांवरून तो निघण्याची वेळ ठरवतो, आणि बाहेर पडल्यावर पाण्याची ओढ पाहून ती बदलतो. त्याला हौशी म्हणावे की तज्ज्ञ, हे मला ठरवता आलेले नाही.

हवामान विभागाचे एक भाकीत मात्र आदराने नोंदवले पाहिजे. २००५ पासून तो केरळातील मोसमी पावसाच्या आगमनाची तारीख चार दिवसांच्या अधिक-उण्या फरकाने आधी सांगतो, आणि विभागाच्या हिशेबानुसार हा अंदाज २०१५ वगळता चुकलेला नाही. या हिशेबाला अर्थ आहे, कारण ‘पाऊस आला’ म्हणजे काय हे आधी लिहून ठेवलेले आहे : केरळ व आसपासच्या ठरलेल्या चौदा केंद्रांपैकी साठ टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस किमान अडीच मिलिमीटर पाऊस, शिवाय वाऱ्याच्या आणि ढगांच्या अटी.

२०२५ चे उदाहरण ताजे आहे. अंदाज २७ मे, अधिक-उणे चार दिवस. पाऊस केरळात २४ मे रोजी आला. त्याच दिवशी कमी दाबाचे तीव्र क्षेत्र रत्नागिरी आणि दापोली यांच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले, आणि २५ मे रोजी मोसमी पावसाची उत्तर सीमा थेट देवगडला येऊन ठेपली. दुसऱ्या दिवशी मुंबई. मासेमारीबंदी लागायला अजून आठवडा होता, मृग लागायला दोन. कित्येकांची आगोट अर्धी राहिली, वाळत घातलेली मासळी भिजली. मग मे संपता संपता पाऊस थबकला आणि राज्यात तो जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकला नाही. त्या दोन आठवड्यांच्या उघडिपीत पंचांगवाले म्हणत होते की मेमधला तो पाऊस खरा नव्हताच, खरा मिरगाचा. विभागाच्या नोंदीत मात्र तारीख २५ मे हीच आहे.